धायटी लावायची असेल तर मे महिन्यातच कामाला लागा

पहिलं काम जागा शोधायचं, आणि बागेतला चांगला कोपरा धायटीला मुळीच देऊ नका. हे लाल फुलांचं रानटी झुडूप सह्याद्रीच्या उतारांवर, रस्त्याकडेच्या मुरमात उभं असतं. दिवसभर ऊन आणि पडलं तेवढं पाणी निथळून गेलेलं. तसाच तुकडा आपल्याकडे हेरायचा. मागच्या पावसात जिथे पाणी तुंबलं होतं ती जागा बाद. सगळीकडेच काळी चिकण माती असेल तर मुरूम आणि दगडगोट्यांचा उंचवटा करून घ्या. फांद्या लांब वाढून बाहेर झुकतात, म्हणून पायवाटेपासून दोनेक मीटर तरी लांब.

खड्डा दीड फुटाचा पुरे. तो मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा आणि निघालेला मुरूमच परत भरावा. राहवत नसेल तर ओंजळ-दोन ओंजळी कुजलेलं शेणखत. रासायनिक खत नको. लाड केले की नुसता पाला माजतो.

रोपाची सोय आधी करून ठेवा, कारण नेहमीच्या नर्सरीत ते क्वचितच दिसतं. देशी झाडांची रोपवाटिका गाठा. जंगलातलं झुडूप उपटून आणू नका. कातळाच्या फटीतली मुळं तुटतात आणि झाड दोन्हीकडून जातं. बियांपासून करायचं तर थोडं नाजूक काम आहे. आपल्याला लाल दिसतं ती पुष्पकोशाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाची नळी असते, खऱ्या पाकळ्या इवल्याशा. बोंड त्याच नळीत पिकतं. नळ्या वाळून तपकिरी झाल्या की कागदावर चुरडा. बी धुळीसारखं बारीक असतं, म्हणून चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही. झारीने पाणी घातलंत तर सगळं वाहून एका कडेला जमेल. ट्रे पाण्यात टेकवून खालून ओल द्या. ही रोपं पुढच्या पावसाळ्यात लावण्याजोगी होतात.

लागवड जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी, पुढे बंद. पानं झडली म्हणून झाड मेलं असं समजून तोडू नका. डोंगराला लागून जमीन असेल तर दिवाळीनंतर भोवतीचं गवत कापून जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी काढा. जुनं झुडूप वणव्यानंतर बुडातून फुटतं, कोवळं रोप तग धरेलच असं नाही.

फुलं थंडी सरताना येतात, मध पिणारे इवले शिंजीर पक्षी मागोमाग. हीच फुलं आयुर्वेदात आसव-अरिष्ट ही पातळ औषधं आंबवायला घालतात, त्यामुळे कुणीतरी मागायला येईलच. द्या, पण बियांपुरत्या दोन फांद्या राखून.