गेमिंग मॉनिटरचं पॅनेल ठरवण्याआधी: आधी खोलीतला उजेड, मग बाकी सगळं

खरेदीआधीच्या यादीतली पहिली नोंद पॅनेलची (चित्र उमटवणाऱ्या पडद्याच्या तंत्राची) नाही, खोलीची. तुम्ही प्रत्यक्ष ज्या वेळी खेळता त्या वेळी, मॉनिटर जिथे ठेवणार तिथे, उजेड किती असतो आणि कुठून येतो ते लिहून काढा. रात्री दिवे मालवून खेळणाऱ्याचं पॅनेल वेगळं, दुपारी खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्याचं वेगळं. रिव्ह्यू आणि तुलनेचे तक्ते यानंतर उघडा. बहुतेक जण नेमकं उलट करतात: आधी हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो), मग इंच, मग एचडीआरचं (जास्त उजळ-गडद छटा दाखवण्याच्या क्षमतेचं) स्टिकर, आणि उजेडाचा विचार थेट मॉनिटर टेबलावर आल्यावर. तेव्हा हाती काही उरत नाही. ब्राइटनेस बदलता येतो, पॅनेल बदलता येत नाही.

मोजणं सोपं आहे. फोनमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजणारं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका आणि फोन मॉनिटरच्या जागी, पडद्याच्या उंचीवर, खुर्चीकडे तोंड करून धरा. आकडा ढोबळ येतो, पण १० आणि ३०० मधला फरक कळायला तेवढा पुरतो. दहाच्या आत असेल तर अंधारी खोली, शंभरच्या आसपास म्हणजे दिवा लावलेली, तीनशेच्या वर गेला तर उजेडाची. मग फोनचा पडदा बंद करा आणि तो काळा पडदा त्याच जागी ठेवून खुर्चीत बसून त्यात बघा. खिडकीची चौकट, छतावरचा दिवा, अंगातला पांढरा टी-शर्ट, त्यात जे दिसेल ते चकचकीत पडद्याच्या मॉनिटरमध्येही दिसणार आहे. फोन लहान असतो, म्हणून तो डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सरकवत २७ इंचांची सगळी जागा बघून घ्या. एकदा दिवसा, एकदा रात्री. आणि लिहून ठेवा. ‘साधारण उजेड असतो’ ही नोंद नव्हे.

आता पॅनेल, त्याच कागदाकडे बघत.

आयपीएस या पॅनेल-प्रकाराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजळपणाचं प्रमाण, साधारण १०००:१ असतो. पांढरा ३०० निट्स (पडद्याच्या उजळपणाचं माप) असेल तर काळा ०.३ निट्स. दिवा लागलेला असताना हा काळाच वाटतो, दिवा मालवला की तोच राखाडी होतो. त्यात कोपऱ्यांत पांढुरकी किंवा पिवळसर झाक येते, तिला आयपीएस ग्लो म्हणतात. पीस बदलून घेतलात तरी ती पूर्ण जात नाही, कारण ती तंत्राचाच भाग आहे. जितकं जवळ बसाल तितकी ती जास्त. बॅकलाइट ब्लीड निराळं: चौकटीच्या कडेने आत झिरपणारा बॅकलाइटचा, म्हणजे पॅनेलमागच्या दिव्याचा, प्रकाश, आणि तो पीसागणिक बदलतो. ओळखायची खूण अशी की डोकं मागे-बाजूला हलवलं आणि डाग हलला किंवा कमी झाला तर ग्लो, जागचा हलला नाही तर ब्लीड. ‘आयपीएस ब्लॅक’ नावाने येणारी पॅनेलं २०००:१ ते ३०००:१ पर्यंत जातात. सुधारणा आहे, चमत्कार नाही. अंधाऱ्या खोलीत भयपटासारखे गेम खेळणार असाल तर साधं आयपीएस घेऊ नका. उजेडाच्या खोलीत मात्र ते अजूनही सगळ्यात बिनडोकेदुखीचं पॅनेल आहे.

दुसरं पॅनेल व्हीए: ते ३०००:१ किंवा त्याहून वर जातं, त्यामुळे काळा खरोखर काळा वाटतो. पण काळ्यातून गडद राखाडीत जायला त्याच्या पिक्सेलला वेळ लागतो. १४४ हर्ट्झला एका फ्रेमला ६.९४ मिलीसेकंद मिळतात. संथ व्हीएमध्ये असा गडद बदल २० मिलीसेकंदांच्याही पुढे जातो, म्हणजे पिक्सेल एक रंग गाठेपर्यंत दोन-तीन फ्रेम उलटून गेलेल्या असतात. गुहेत कॅमेरा फिरवला की खांबामागे काळा फराटा ओढल्यासारखा दिसतो तो यामुळेच. काही महाग व्हीए पॅनेलांनी हे जवळजवळ संपवलं आहे, म्हणून सगळ्या व्हीएला एका मापाने मोजू नका. त्या विशिष्ट मॉडेलचे गडद रंगांमधले प्रतिसादाचे आकडे शोधा. सरासरीचा आकडा इथे फसवतो.

इथेच पुन्हा उजेड. ‘३०००:१ आहे म्हणजे आयपीएसच्या तिप्पट’ हा हिशेब फक्त अंधारात खरा आहे. समजा पडद्यावर ३०० लक्स उजेड पडतोय आणि मॅट (न चमकणारा) पडदा त्यातला दीड टक्का विखरून परत पाठवतोय. तेवढ्याने पडद्यावर सगळीकडे सुमारे १.४ निट्सची भर पडते. आयपीएसचा काळा ०.३ वरून १.७ वर गेला, व्हीएचा ०.१ वरून १.५ वर. पांढरा दोघांचाही ३०० च घेतला, तर आयपीएसला सुमारे १७५:१ उरतात आणि व्हीएला २०० ला एक. तिप्पट कुठे गेले? खिडकीने खाल्ले. म्हणजे दुपारी खेळणाऱ्याने केवळ कॉन्ट्रास्टच्या आकड्यासाठी व्हीए घेणं म्हणजे फराटे पदरात घेऊन मोबदल्यात काहीच न मिळवणं. रात्री खेळणाऱ्यासाठी हेच व्हीए पैसे वसूल करतं. आकडे तेच, खोली वेगळी.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा शून्य, प्रतिसाद इतका झटपट की ओव्हरड्राइव्हची (पिक्सेलला जबरदस्तीने वेगात बदलायला लावणाऱ्या सेटिंगची) भानगडच नाही. अंधारात याला तोड नाही. पण दोन जाती आहेत आणि त्यांचं उजेडाशी वागणं वेगळं आहे. क्यूडी-ओएलईडीत नेहमीचा पोलरायझरचा, म्हणजे प्रकाश गाळणारा, थर नसतो. त्यामुळे रंग भरदार येतात, पण खोलीतला उजेड पडद्यावर पडला की काळा भाग राखाडी-जांभळट दिसू लागतो. डब्ल्यूओएलईडीत पोलरायझर असतो, म्हणून दिवा लागलेला असतानाही काळा बराच टिकतो. ‘ओएलईडी आहे ना, मग काळा काळाच’ असं धरून खिडकीसमोर क्यूडी-ओएलईडी ठेवला तर ज्यासाठी पैसे मोजले तेच दिवसभर दिसणार नाही. तक्त्यात ही गोष्ट नसते, म्हणून ती वारंवार निसटते.

ओएलईडीचं दुसरं दुखणं पांढऱ्याचं. छोट्याशा भागात तो १००० निट्सपर्यंत चमकू शकतो, पण पूर्ण पडदा पांढरा झाला की अनेक मॉडेलं २५० च्या आसपास खाली येतात. बर्फाळ मैदान, वेब पान, स्प्रेडशीट उजेडाच्या खोलीत मंद वाटतात. तिसरं, स्थिर चित्राचा कायमचा ठसा, म्हणजे बर्न-इन. एकाच गेमचा नकाशा आणि लाइफ-बार रोज तासन्‌तास त्याच कोपऱ्यात राहणार असेल, किंवा दिवसा त्याच मॉनिटरवर ऑफिसचं काम चालणार असेल, तर बर्न-इन वॉरंटीत आहे का आणि किती वर्षं आहे ते लेखी वाचा. चौथं, अक्षरं. सबपिक्सेलची (पिक्सेलमधल्या रंगीत ठिपक्यांची) रचना नेहमीसारखी नसल्याने बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झाक दिसू शकते, विशेषतः कमी पिक्सेल घनतेवर. पाचवं, फ्रेमरेट वर-खाली होत असताना व्हीआरआर (फ्रेमरेटप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) चालू असेल तर गडद दृश्यांत लुकलुक. ही लुकलुक काही व्हीए मॉनिटरांमध्येही असते, आणि नजरेत भरते तीही अंधाऱ्या खोलीतच.

मिनी-एलईडी हे पॅनेल नाही, बॅकलाइट आहे. पुढे आयपीएस किंवा व्हीए असतंच, ते कोणतं आहे ते विचारा. उजेडाच्या खोलीत एचडीआर हवं असेल तर आज हाच शहाणा पर्याय. झोनची, म्हणजे बॅकलाइटच्या स्वतंत्रपणे उजळ-मंद होणाऱ्या तुकड्यांची, संख्या बघताना भागाकार करून बघा. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. ११५२ झोन असतील तर एका झोनच्या वाट्याला ७२०० पिक्सेल, ५७६ असतील तर १४,४००. काळ्या पडद्यावर माउसचा छोटा बाण सरकला तरी त्याच्याभोवतीची तेवढी सगळी जागा उजळते, आणि बाण वलय घेऊन फिरतो. पुढे व्हीए असेल तर वलय दबतं, आयपीएस असेल तर पसरतं. दिवा लागलेला असताना हे वलय सहसा जाणवत नाही, दिवा मालवला की सबटायटलभोवतीही दिसतं. पुन्हा तोच प्रश्न: तुम्ही दिवा मालवता का?

टीएन या आणखी एका पॅनेल-प्रकाराबद्दल थोडक्यात: खालून-वरून बघितलं की रंग उलटेपालटे होतात, कॉन्ट्रास्ट आयपीएसहून चांगला नाही, आणि स्पर्धात्मक शूटर खेळून पोट भरणाऱ्यांसाठीची अतिवेगवान मॉडेलं सोडली तर घ्यायचं कारण उरलेलं नाही.

प्रतिसादाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. ‘१ मिलीसेकंद’ याच्यापुढे जीटीजी आहे की एमपीआरटी ते बघा. जीटीजी म्हणजे पिक्सेलला एका छटेतून दुसरीत जायला लागलेला वेळ, आणि कंपनी स्वतःला सोयीची छटा निवडते. एमपीआरटीचा (हलतं चित्र डोळ्यांना किती वेळ पुसट दिसतं त्याचा) आकडा सहसा बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो, त्या मोडमध्ये ब्राइटनेस पडतो आणि बहुतेक मॉनिटरवर व्हीआरआर बंद होतं. बॉक्सवरचा एक मिलीसेकंद बहुधा सगळ्यात जहाल ओव्हरड्राइव्हवरचा असतो. तो लावला की हलत्या वस्तूमागे उजळ उलटी सावली येते. मधली पातळी ठेवा. आणि फ्रेमरेट १४४ वरून ६० वर घसरला की तीच पातळी जास्त होते का, हेही रिव्ह्यूत शोधा.

एचडीआरचं स्टिकर: डिस्प्लेएचडीआर ४०० या पातळीला लोकल डिमिंगची, म्हणजे झोननिहाय उजेड कमी-जास्त करण्याची, अटच नाही. ४०० निट्स गाठणं ही त्याची मुख्य अट. म्हणजे अंधारात काळा तसाच राखाडी. एलसीडीत (आयपीएस, व्हीए, टीएन) ६०० च्या खालचं स्टिकर नसल्यासारखं धरा, आणि ६०० असलं तरी कडेला आठ-सोळा झोन असतील तर उपयोग नाही. ओएलईडीसाठी ‘ट्रू ब्लॅक’ ही वेगळी मालिका आहे, तिचे आकडे एलसीडीच्या आकड्यांशी ताडू नका.

पडद्याचा पृष्ठभाग मॅट की चकचकीत, हा पॅनेलइतकाच मोठा निर्णय आहे आणि पुन्हा उजेडाचाच. फोनच्या काळ्या पडद्यात खिडकी स्पष्ट दिसली होती का? मग मॅट. दिसली नव्हती, फक्त मंद भिंत होती? मग चकचकीत घ्या, चित्र जास्त टवटवीत दिसेल. मॅट थर प्रतिबिंब पुसत नाही, पसरवतो. थेट पडद्यावर ऊन येत असेल तर कुठलंही पॅनेल वाचवणार नाही, टेबल फिरवा. खिडकी पडद्याच्या बाजूला यायला हवी, समोर नाही आणि मागेही नाही. अंधाऱ्या खोलीत आयपीएसच वापरायचं असेल तर मॉनिटरच्या मागे भिंतीवर ६५०० केल्व्हिनची मंद पांढरी पट्टी लावा. पडद्याचा काळा तोच राहतो, पण डोळ्यांना तो जास्त गडद वाटतो. रंगीत पट्टी नको, ती रंगांचा अंदाज बिघडवते.

आकार आणि रिझोल्यूशन: २४ इंचांना १०८०पी, २७ ला १४४०पी, ३२ ला ४के. २७ वर १०८०पी घेऊ नका, इंचाला ८२ पिक्सेल उरतात आणि अक्षरं खडबडीत दिसतात. ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम काढू शकतं का ते आधी, हर्ट्झ नंतर.

पोर्ट: ४केला १२० हर्ट्झ हवे तर एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४. कन्सोल जोडणार असाल तर फक्त एचडीएमआय, आणि १२० च्या पुढचे हर्ट्झ वाया. बॉक्समधलीच केबल वापरा. व्हीआरआरची खालची मर्यादा ४८ आहे का बघा.

आल्यावर, परत करायच्या मुदतीत: विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट हाताने वर न्या, बरेचदा तो ६० वरच बसलेला असतो. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा पूर्ण पडदाभर लावून मेलेले पिक्सेल शोधा. करड्या पडद्यावर डाग बघा. काळा पडदा मात्र तुमच्या खेळायच्या वेळी, तुमच्याच उजेडात तपासा. भर दुपारी ब्लीड दिसत नाही आणि मध्यरात्री प्रतिबिंब दिसत नाही. एक गडद गेम अर्धा तास खेळा, फराटा किंवा लुकलुक खुपते का बघा. खुपली तर सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नका.

ओएलईडी असेल तर टास्कबार आपोआप लपेल असं करा, स्क्रीनसेव्हर लावा, आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका, पिक्सेल दुरुस्तीचं चक्र स्टँडबायमध्येच चालतं. खोका, फोम आणि पॅनेलवरची पातळ पिशवी मुदत संपेपर्यंत जपून ठेवा.