संगीतात एम. ए. करताय? फीआधी गुरू कोण ते विचारा

आधी सरकारी विद्यापीठं पाहा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, १९५६ साली सुरू झालेलं छत्तीसगडमधल्या खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, बनारस हिंदू विद्यापीठ. खासगी संस्थांच्या मानाने इथली फी सहसा बरीच कमी असते.

माहितीपत्रकातल्या मोठ्या नावांना भुलू नका. तुमचं गाणं किंवा वाद्य रोज कोण शिकवणार, ते पद भरलंय की तासिका तत्त्वावर चाललंय, हे विभागात जाऊनच विचारा. जमलं तर एक तास मागे बसून ऐका. पंधरा जण मिळून एकच बंदिश घोकतायत आणि तबलजीऐवजी मोबाइलवर ठेका वाजतोय, तर काय ते समजा. पहाटे रियाजाला खोली उघडून मिळते का, हे मात्र विद्यार्थ्यांना विचारा. कार्यालयात ‘हो’च म्हणतील.

वसतिगृह नसेल तर वाचलेली फी खोलीभाड्यात जाते, शिवाय रोज तानपुरा लावणारा भाडेकरू चालवून घेणारे घरमालक किती?

पुढे प्राध्यापकी करायची असेल तर पदवी यूजीसीमान्य (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली) हवी. ‘नेट’ या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी खुल्या गटाला एम. ए.त ५५ टक्के लागतात.