सकाळी धूसर, दुपारी स्वच्छ: पारपटलाच्या सुजेत या चुका टाळा

झोपेतून उठल्यावर भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसत नाहीत, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते आणि अकरा-बाराच्या सुमारास तेच घड्याळ लख्ख वाचता येते. ही तक्रार बहुतेक जण वयावर, अपुऱ्या झोपेवर किंवा चष्म्याच्या नंबरावर ढकलून मोकळे होतात, आणि पहिली चूक होते ती इथेच. मधुमेहात साखर वरखाली झाली की नंबर हलतो हे खरे, पण रोज सकाळी बिघडणारी आणि दिवस वर येईल तशी निवळणारी दृष्टी पाहून पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, संशय आला पाहिजे. अशा सुजेमागे बरेचदा फुक्स एंडोथेलियल डिस्ट्रॉफी हा आजार असतो. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी 1910 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या सुरुवातीच्या खुणा फारशा दुर्मीळ नाहीत, मात्र दृष्टी धूसर होण्याइतका तो थोड्यांनाच वाढतो, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते.

सकाळचेच गणित का, हे एकदा नीट कळले की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात. पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि डोळ्याच्या आतले पाणी त्यात सतत झिरपत असते. ते पाणी उपसून पुन्हा आत टाकण्याचे काम आतल्या बाजूला असलेला पेशींचा एकच थर करतो. प्रौढ वयात तिथे दर चौरस मिलिमीटरला साधारण 2,500 पेशी असतात, आणि माणसाच्या डोळ्यात या पेशी मेल्यावर त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. उरलेल्या पेशी पसरून मोकळी जागा भरून काढतात. फुक्समध्ये ही घट वेगाने होते आणि या थराखालच्या पडद्यावर ‘गटे’ नावाचे बारीक उंचवटे येतात. दिवसा डोळे उघडे असताना अश्रूंचे बाष्पीभवन होते, ते किंचित खारट होतात आणि पारपटलातले थोडे पाणी बाहेर ओढले जाते. रात्री पापण्या मिटल्यावर ही मदत थांबते. दमट हवेत त्रास जास्त जाणवतो तोही त्याचमुळे.

म्हणूनच तपासणीची वेळ सोयीने दुपारची घेऊ नये. तोवर डोळा निवळलेला असतो, अक्षरांचा तक्ता बऱ्यापैकी वाचता येतो आणि रुग्ण ‘सगळे ठीक आहे’ असे ऐकून घरी परततो. शक्य असेल तर सकाळची पहिली वेळ मागावी. त्याआधी आठवडाभर एक वही ठेवावी: उठल्याबरोबर, दोन तासांनी आणि दुपारी एकेक डोळा झाकून तेच घड्याळ त्याच अंतरावरून पाहायचे आणि दिसले ते लिहायचे. ‘कधीकधी धूसर दिसते’ या मोघम वाक्यापेक्षा अशा सात ओळी डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडतात. पारपटलाची जाडी मोजणे आणि स्पेक्युलर मायक्रोस्कोपीने पेशी पाहणे या दोन्ही तपासण्या वेदनारहित असतात.

उपचारातली मोठी गफलत मिठाच्या थेंबांविषयी आहे. 5 टक्के सोडियम क्लोराइडचे थेंब किंवा रात्री घालायचे मलम पाणी ओढून घेते, त्यामुळे सकाळ थोडी सुसह्य होते. पेशी मात्र परत येत नाहीत. थेंब चालू असल्यामुळे आजार थांबला, असे समजून पुढच्या तपासण्या सोडणे चुकीचे आहे. घरच्या मिठाचे पाणी डोळ्यात घालणे तर सरळ धोक्याचे, कारण ते निर्जंतुक नसते. हेअर ड्रायरची सौम्य हवा हातभर अंतरावरून काही मिनिटे चेहऱ्यावरून जाऊ देण्याचा सल्ला काही तज्ज्ञ देतात, पण गरम झोत डोळ्यावर रोखण्याचा अतिउत्साह नको. आजार पुढे गेला की पृष्ठभागावर बारीक फोड येतात आणि ते फुटले की डोळ्यात खडा गेल्यासारखी कळ उठते. खरा खडा तिथे नसतो, त्यामुळे डोळा चोळल्याने इजाच वाढते; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

सर्वांत महाग पडणारी चूक मोतीबिंदूच्या वेळी होते. दोन्ही आजार एकाच वयातले, त्यामुळे सारी धूसरता मोतीबिंदूच्या नावावर जाते. शस्त्रक्रियेत पारपटलाच्या काही पेशी गमावल्या जातातच. निरोगी डोळ्याला तेवढी घट सहज सोसते, काठावर आलेल्या डोळ्याला मात्र ती कायमच्या सुजेकडे ढकलू शकते. पेशींची अवस्था आधी पाहून घेतली, तर जपून शस्त्रक्रिया करायची की प्रत्यारोपणही सोबत उरकायचे, हे ठरवता येते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणेही इथे अंगाशी येते, कारण कडक झालेला मोतीबिंदू फोडायला अधिक ऊर्जा लागते. काचबिंदूच्या डॉक्टरांनाही फुक्सची कल्पना द्यावी. डॉर्झोलामाइडसारखे काही थेंब दुबळ्या पेशींच्या उपसा करण्याच्या कामात अडथळा आणू शकतात. अर्थात, चालू थेंब स्वतःच्या मनाने बंद करणे ही त्याहून मोठी चूक ठरेल.

प्रत्यारोपणाचे नाव काढले की पूर्ण पारपटल कापून टाके घालण्याची जुनी पद्धत आठवते आणि माणसे वर्षानुवर्षे टाळाटाळ करतात. आता डीएमईके पद्धतीत दात्याचा केवळ आतला पडदा आणि त्यावरील पेशींचा थर बसवला जातो, आणि तो हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्याने जागी टेकवला जातो. बुडबुडा वर चढतो, म्हणून सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितका वेळ उताणे झोपावे लागते. ‘पाठ अवघडली’ म्हणून कुशीवर वळत राहिले तर थर सुटण्याची शक्यता वाढते, आणि बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवासही वर्ज्य असतो. नंतर लाली, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा दृष्टी घटणे यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नये, कारण ती शरीराने कलम नाकारल्याची सुरुवात असू शकते.

हा आजार बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो आणि अनेक कुटुंबांत आनुवंशिक असतो. म्हणून निदानाचा कागद घरी आल्यावर सख्ख्या भावंडांना आणि प्रौढ मुलांना आजाराचे नाव सांगावे, विशेषतः त्यांच्यापैकी कोणी चष्मा घालवण्यासाठी लेझर शस्त्रक्रियेचा विचार करत असेल तर.