बीआरसीए तपासणीआधी घराण्याचा नकाशा काढताना

घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर दोघी-तिघींना झाला की बीआरसीए तपासणीचा विषय निघतो. या कॅन्सरचा धोका वाढवणारा बिघाड बीआरसीए १ आणि २ या जनुकांत आहे का, हे त्यात पाहतात. रक्त देण्याआधीचं महत्त्वाचं काम मात्र घरीच करायचं असतं: तीन पिढ्यांचा नकाशा.

मोठा कागद घ्या. बाईला गोल, पुरुषाला चौकोन; कॅन्सर झालेल्याचा आकार रंगवा, वारलेल्यावर तिरकी रेघ मारा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. अशा नात्यातल्या जोडप्यामध्ये दुहेरी रेघ काढा. प्रत्येकापुढे आजार कळला तेव्हाचं वय लिहा, मृत्यूचं नव्हे. चाळिशीतला कॅन्सर आनुवंशिक असण्याची शक्यता सत्तरीतल्यापेक्षा जास्त असते.

सगळ्यात मोठी चूक होते ती वडिलांची बाजू सोडण्यात. बायकांचा आजार म्हणून लोक आई, मावशी, आजी एवढ्यावर थांबतात. पण बीआरसीए १ सतराव्या आणि बीआरसीए २ तेराव्या गुणसूत्रावर असतं, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नव्हे. बिघाड आईकडून येईल तसाच वडिलांकडूनही, आणि प्रत्येक मुला-मुलीत उतरण्याची शक्यता ५० टक्के. आत्या गडहिंग्लजला नाहीतर निपाणीला दिली असेल, तर तिच्या घरी फोन कराच. काका-मामांचे प्रोस्टेटचे, स्वादुपिंडाचे कॅन्सरही नोंदवा.

'कॅन्सर होता का?' एवढंच विचारलं तर बहुधा 'नाही' असं उत्तर येतं. 'पोटात पाणी झालं होतं' हे ऐकलं तर खोलात जा. तो अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो. 'गर्भपिशवी काढली' म्हणाल्या तर कोणत्या वयात, कशासाठी, आणि अंडाशयही काढले का, हे विचारा. ते लवकर निघाले असतील तर त्या बाईला कॅन्सर झाला नाही, एवढ्यावरून बिघाड नव्हता असं म्हणता येत नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातली असो वा खासगी दवाखान्यातली, जुन्या फाईलमधल्या बायॉप्सी रिपोर्टची झेरॉक्स घ्या.

आता रक्त कुणाचं? शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीचं आधी. निरोगी बहिणीचा रिपोर्ट निर्दोष आला, तर घरात बिघाडच नाही की तिच्यात उतरला नाही, हे कळत नाही.

रक्त जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए रसायनाच्या नळीत घेतात. नळी लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट केली नाही तर गुठळी होते आणि डीएनए कमी मिळतो. नमुना बाहेरगावी जाणार असेल तर थंड पेटीतून, २ ते ८ अंशांत, गोठवू नये. लाळेचा नमुना असेल तर आधी अर्धा तास खाणं-पिणं, तंबाखू, मिश्री काहीही नको.

रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' लिहिलं असेल तर घाबरू नका. बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या जोरावर अंडाशय काढून टाकू नयेत. भारतीयांच्या जनुकांची माहिती जगाच्या साठ्यात थोडी असल्याने हा शेरा आपल्याकडे वरचेवर दिसतो. जीनोम इंडिया प्रकल्पातली सुमारे १०,००० भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. अशा भरीमुळे शेरे बदलतात. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा.

घातक बदल सापडला तर रिपोर्टची प्रत भावंडांना, भावांनाही, द्या. त्यावरच्या बदलाच्या नेमक्या नावावरून त्यांची तेवढीच एक जागा तपासता येते, आणि खर्चही कमी येतो. मुलांची तपासणी १८ वर्षांनंतर.