पोलिसी कादंबऱ्यांची लांबलचक मालिका: कुठून धरावी, कशी वाचावी

पंधरा-वीस भागांच्या पोलिसी मालिकेत प्रत्येक पुस्तकात दोन धागे चालू असतात. खुनाचा छडा त्याच पुस्तकात लागतो. तपास करणाऱ्या माणसाचं मात्र काहीच संपत नाही: दारू, मोडलेलं घर, वरिष्ठाशी धरलेलं वैर, वर्षानुवर्षं पडून असलेली एखादी फाईल. ही पुस्तकं रेंगाळतात अशी तक्रार करणारा वाचक बहुधा फक्त खुनी शोधत असतो. दोन्ही धागे पहिल्या पानापासून धरले तरच मालिकेची खरी ताकद कळते.

म्हणून आधी क्रम बघा, आणि तो मूळ भाषेतल्या प्रकाशनाच्या सालावरून लावा. नॉर्वेच्या जो नेस्बोची हॅरी होल मालिका १९९७ मध्ये सुरू झाली, पण इंग्रजीत सर्वांत आधी, २००५ मध्ये, आला तो पाचवा भाग. तिसरा २००६ मध्ये आला, चौथा २००८ मध्ये आणि पहिला थेट २०१२ मध्ये. तिसऱ्या भागात सुरू झालेलं एक प्रकरण पाचव्यात मिटतं. इंग्रजी वाचकांना उत्तर आधी मिळालं आणि प्रश्न नंतर. या मालिकेत तिसरा, चौथा, पाचवा सलग वाचा आणि मग पहिल्याकडे या, असं आम्ही आग्रहाने सांगू. इयान रँकिनचा एडिनबरामधला पोलीस अधिकारी रीबस १९८७ पासून वाचकांबरोबर वयाने वाढतो आणि २००७ च्या पुस्तकात निवृत्त होतो, म्हणून त्या मालिकेत उलटसुलट वाचून चालत नाही. एवढा पसारा झेपणार नसेल तर स्वीडनच्या माय श्योवाल आणि पेर वाल्यो यांची मालिका घ्या. १९६५ ते १९७५ या काळातली दहाच पुस्तकं, आणि दहाच लिहायची हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. ग्रंथालयात जाताना क्रमांक लिहिलेली यादी खिशात असू द्या. नाहीतर कपाटात जो भाग दिसेल तो उचलला जातो, आणि त्याच्या पाठीवरचा मजकूर आधीच्या भागातला मृत्यू बिनदिक्कत सांगून टाकतो.

आता वेगाचा हिशेब. ठाणे-वाशी लोकलमध्ये अर्धा तास मिळतो. बसायला जागा मिळाली तर इंग्रजीची बारा-तेरा पानं होतात. म्हणजे साडेचारशे पानांना पस्तीसेक फेऱ्या, आठवड्याला दहा धरल्या तर साडेतीन आठवडे. पात्रं तीस-चाळीस, नावं अनोळखी. शुक्रवारी संध्याकाळी मिटलेलं पुस्तक सोमवारी सकाळी ऐरोली येईपर्यंत रुळावर येत नाही ते यामुळेच.

यावर उपाय एका चिठ्ठीचा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, तोच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. पुढच्या बाजूला तीन रकाने: नाव, काम किंवा नातं, पहिल्यांदा आलं ते पान. वीस नावांच्या पुढे जाऊ नका. मागच्या बाजूला फक्त वेळेबद्दलची विधानं लिहा. उदाहरणार्थ:

पा. ४१, पबचा मालक: मंगळवारी बंद होतं.
पा. १८८, शेजारीण: मंगळवारी रात्री पबच्या मागच्या दाराशी दिवा होता.

दोन ओळी एकाखाली एक आल्या की संशय आपोआप उभा राहतो. दीडशे पानांच्या अंतराने वाचल्या तर तो निसटतो. प्रत्येक धागादोरा टिपायला जाणारे मात्र दोन दिवसांत कंटाळतात. कपड्यांचे रंग, गाड्यांचे नंबर सोडून द्या.

तिरप्या अक्षरातली, तारीख नसलेली प्रकरणं जपून वाचा. ती बहुधा खुन्याची किंवा जुन्या काळातली असतात, आणि इथे मराठी वाचकाची खास फसगत होते. इंग्रजीत ‘मी’च्या क्रियापदावरून बाई की पुरुष ते कळत नाही. आपल्या मनात मात्र ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांतलं एक काहीतरी उमटतंच, आणि बहुतेकदा ‘आलो’ उमटतं. चिठ्ठीवर त्या आवाजासमोर प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

कायदाही आपल्या सवयीने वाचू नका. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. इंग्लंडमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना, वकिलासमोर आरोपी जे बोलतो ते पुरावा म्हणून उभं राहतं. म्हणून तिथल्या चौकशीच्या खोलीतला प्रसंग वीस-वीस पानं चालतो, आणि तो घाईत उलटला तर पुस्तकाचा गाभाच हुकतो. स्कॉटलंडमध्ये गुन्हा शाबीत व्हायला दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा लागतो. त्यामुळे जबाब घ्यायला दोघं जातात. नायक एकटा गेला तर तो पुढे अडचणीत येणार हे ओळखा. शिवाय ब्रिटिश डिटेक्टिव्ह सार्जंटला आपला हवालदार समजू नका. तो स्वतः जबाब घेतो, तपास करतो. कामाने आपल्या उपनिरीक्षकाच्या जवळचा.

मृत्यूच्या वेळेचंही तसंच. ठाण्याच्या मे महिन्यात मृतदेह लवकर ताठरतो आणि साधारण दीड दिवसात पुन्हा सैल पडतो. ओस्लोच्या बर्फात तीच प्रक्रिया कित्येक दिवस लांबते. तिथला डॉक्टर ‘गुरुवार ते शनिवार’ म्हणतो तेव्हा टाळाटाळ करत नसतो. त्या रुंद फटीतच सगळ्यांचे ‘मी तिथे नव्हतो’चे दावे उभे असतात, म्हणून दोन्ही टोकं चिठ्ठीवर लिहा.

फार क्रूर वर्णन सोसवत नसेल तर जखमांचा परिच्छेद सोडा, पण शवविच्छेदनानंतरचं बोलणं सोडू नका; माहिती तिथे असते. अशी प्रकरणं झोपण्याआधी नकोत, लोकलच्या गर्दीत ती जास्त सुसह्य होतात.

शंभर पानं उरलेली असताना अटक झाली, तर माणूस चुकीचा आहे किंवा अर्धंच सत्य हाती आलंय. इथे गाडीत तुकड्यातुकड्याने वाचू नका. रविवारची दुपार काढा आणि एका बैठकीत संपवा.

मग चिठ्ठीवर तीन ओळी लिहा: नायकाने काय गमावलं, कोणाशी बिनसलं, कोणती फाईल उघडी राहिली. ती चिठ्ठी पुढच्या भागाच्या पहिल्या पानात घाला.