ऑपरेशन आणि ग्लुकोजची बाटली : या चुका टाळा

"आई सकाळपासून उपाशी आहे हो, एक ग्लुकोज तरी चढवा." इंदूरात भूल देण्याच्या कामात हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. मी रिंगर लॅक्टेट, म्हणजे साखर नसलेलं क्षारांचं सलाइन लावते, आणि बाहेर चेहरे पडतात.

बाटलीला जेवण समजू नका. 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरात साखर 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी. इथल्या छप्पन दुकान खाऊगल्लीतली पोह्यांची एक प्लेट याहून भारी! साखर पेशींनी वापरली की मागे उरतं नुसतं पाणी. अशा बाटल्या भराभर चढल्या तर रक्तातलं सोडियम उतरतं.

शिवाय ऑपरेशनची चीर पडली की ताणाची हार्मोन्स कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनॅलिन उसळतात, यकृत साखर सोडू लागतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. मधुमेह नसलेल्याचीही साखर वाढते. त्यात बाटलीची भर कशाला? मात्र तान्ही बाळं आणि इन्सुलिन घेणारे काही पेशंट यांना ग्लुकोज लागतंच, तेही वरचेवर साखर मोजत. टाइप 1 मधुमेहवाल्यांनी उपास म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं तर धोक्याचंच. मधुमेहावरच्या ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या ऑपरेशनच्या साधारण 3 दिवस आधी थांबवतात. नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून होणारी आम्लं, साचू शकतात. डॉक्टरांना विचारून ठरवा, पण गोळी लपवू नका. दुधाचा चहाही लपवू नका. त्याच्यानंतर भूल देईपर्यंत 6 तास धरतात. साधं पाणी बहुतेकांना 2 तास आधीपर्यंत चालतं.

आता आमच्या बाजूची चूक. एका काकूंची साखर 430 आली, इन्सुलिन भरायची तयारी झाली. पाहिलं तर रक्त ग्लुकोज चालू असलेल्याच हातातून घेतलेलं. त्या बाटलीत दर 100 मिलिलिटरला 5000 मिलिग्रॅम साखर. तिचे थोडे थेंब मिसळले तरी आकडा उडतो. दुसऱ्या हाताच्या बोटातून घेतलं : 148.

अवाच्या सवा आकडा आला की आधी हात कोणता ते बघा, मग बोट साबणाने धुऊन पुन्हा तपासा. स्पिरिटचा बोळा चिकट साखर नीट काढत नाही. एका आजोबांच्या बोटाला खजरान्याच्या गणपतीचा लाडू लागला होता. "खाल्ला नाही हो, कपाळाला लावून सुनेला दिला," म्हणाले. सूनबाईंनी मान डोलावली. बोट धुतल्यावर आकडाही त्यांच्याच बाजूने बोलला.