जाहिरात न करता पक्षकारांपर्यंत कसं पोचायचं: बेळगाव भागातल्या नव्या वकिलांसाठी

सनद मिळाली, सीनियरच्या हाताखाली तारखा सांभाळून झाल्या, आता स्वतःची कामं कुठून येणार, हा प्रश्न ज्यांच्या घरात आधी कुणी वकील नाही त्यांना जास्त छळतो. नेमका तेव्हाच एखाद्या एजन्सीचा फोन येतो: महिन्याला एवढे द्या, गूगलवर तुमचं नाव सगळ्यात वर आणतो, फेसबुकवर जाहिरात चालवतो. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. मी इथं दिवाणी कामं करते, बहुतेक वाटणीचे दावे. अनुभवानं सांगते, आपल्या भागात लोकांपर्यंत पोचायचा याहून चांगला आणि नियमात बसणारा रस्ता आहे.

आधी नियम नीट समजून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे वकिलानं जाहिरात, पत्रकं, दलाल यांतल्या कशानंच काम मागायचं नाही. आपण चालवलेल्या केसच्या संदर्भात स्वतःचे फोटो छापून आणायचे नाहीत. पाटीवर ‘अमुक विषयातले तज्ज्ञ’ लिहायचं नाही, संघटनेचं पदही लिहायचं नाही. जुलै 2024 मध्ये मद्रास हायकोर्टानं वकिलांच्या ऑनलाइन जाहिरातींवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं, आणि मार्च 2025 मध्ये कौन्सिलनं प्रचाराच्या व्हिडिओंबद्दल सगळ्यांना कडक ताकीद दिली. आपल्याकडे निकाल लागला की ‘अभिनंदन’चा बॅनर फेसबुकवर चढवायची हौस मित्रमंडळींना फार. तुमच्या नावाचा असा बॅनर दिसला तर त्याच दिवशी काढायला लावा.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. 2008 च्या दुरुस्तीनं वेबसाइटला वाट मोकळी झाली. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद नंबर आणि तारीख, कुठल्या राज्याची बार कौन्सिल, कुठल्या बार असोसिएशनचे सभासद, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती देता येते. ती कौन्सिलला कळवायची आणि खरी असल्याचं लिहून द्यायचं. दुसरी वाट नियम 51 ची. जाहिरातबंदी पाळून वकिलाला पत्रकारिता, व्याख्यानं, शिकवणं, प्रसारण करता येतं. म्हणजे कायदा समजावून सांगायला बंदी नाही. त्याच्या शेवटी ‘आजच संपर्क करा’ जोडलंत की मात्र तुम्ही काम मागितलंत.

वेबसाइट एका पानाची पुरे. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत करा. नाव सनदेवर आहे तसंच ठेवा आणि पत्त्यात बेळगाव व बेळगावी दोन्ही येऊ द्या, कारण लोक दोन्ही नावांनी हुडकतात. गूगल नकाशावर ऑफिसची जागा आणि वेळ टाका, प्रकार फक्त ‘वकील’. नावापुढे ‘घटस्फोट, जमीन, जामीन’ अशी माळ लावू नका. गूगललाही ती चालत नाही. पक्षकारांकडे रिव्ह्यू मागू नका.

आता खरं काम. जिल्ह्यातले कितीतरी मराठी लोक घरी मराठी बोलतात आणि जमिनीचा उतारा मात्र कन्नडमध्ये हातात घेतात. कोर्टाचे कागद कन्नडमध्ये, तहसीलदारांची नोटीस कन्नडमध्ये. खानापूर किंवा येळ्ळूरच्या म्हातारीला वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा द्यावा लागतो, हे मला आजही सहन होत नाही. तुम्ही तो कागद मराठीत समजावून सांगितलात तर ती माहिती लोक स्वतःहून पुढे पाठवतात.

एक नमुना देते. आरटीसी उताऱ्याचा (म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा) फोटो घ्या, नावं आणि सर्व्हे नंबर पूर्ण झाका आणि लिहा: रकाना 9 मध्ये मालकाचं नाव आणि क्षेत्र; 10 मध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली, वारशानं, खरेदीनं की वाटणीनं; 11 मध्ये बोजा, म्हणजे सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज. क्षेत्र 2-15-8 असेल तर 2 एकर 15 गुंठे 8 आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या सातबाऱ्यावर एवढीच जमीन साधारण 96.6 आर दिसेल. दोन्हीकडे शेती असलेल्या घरांत या आकड्यांवरून भावाभावांत संशय येतो, तो अशा चार ओळींनी जातो.

विषय हुडकायला लांब जाऊ नका. कोर्टाच्या आवारात पक्षकार जे विचारतात ते डायरीत त्यांच्याच शब्दांत टिपा आणि तेच शीर्षक ठेवा. ‘आत्यानं सही दिली नाही तर वारसा नोंद होते काय?’ ‘एक शेत खानापुरात, एक चंदगडात, दावा कुठं घालायचा?’ (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 17 प्रमाणे यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी.) ‘वडील 2005 च्या आधी वारले, मुलीला हिस्सा मिळतो काय?’ इथं सुप्रीम कोर्टाचा 11 ऑगस्ट 2020 चा विनीता शर्मा निकाल सांगा: मुलीचा हक्क जन्मानं येतो, हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असण्याची अट नाही. लगेच दुसरी बाजूही लिहा, की 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी मोडत नाही. अर्धं सांगितलेलं उत्तर लोकांना खर्चात घालतं. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी मोफत कायदेशीर मदतीचा 15100 हा नंबर प्रत्येक लेखात द्या. स्त्रियांना ही मदत उत्पन्न न बघता मिळते.

1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्यामुळे घराघरांतल्या ट्रंकांत मराठी कागद आहेत, कुठं मोडीतलं खरेदीखतही निघतं. मोडी येत असेल तर त्यावर जरूर लिहा, असं लिहिणारे थोडे आहेत.

व्हॉट्सॲपवर गावच्या, यात्रेच्या, भिशीच्या ग्रुपात स्वतःचं कार्ड टाकू नका. लेख स्वतःच्या स्टेटसला ठेवा, ज्याला हवा तो नेईल. ग्रुपात कुणी स्वतःच्या भांडणाचं विचारलं तर तिथं उत्तर देऊ नका. समोरची पार्टी त्याच ग्रुपात असते.

फोन आला की आधी दोन्ही बाजूंची नावं आणि गाव विचारा, विरुद्ध पक्षाचं काम आपल्याकडे नाही ना ते बघा. मग यादी पाठवा: चालू आरटीसी, एमआरची (फेरफार नोंदीची) नक्कल, वंशवृक्ष, जुने दस्त, आणि दावा आधीच चालू असेल तर त्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (कोर्टानं प्रत्येक केसला दिलेला ओळख क्रमांक). कागद बघितल्याशिवाय फोनवर निकाल सांगू नका. फी किती, ते भेटीत सांगा आणि त्याच दिवशी मराठीत लिहून त्यांच्या हातात द्या.